दर अठ्ठावीस दिवसांनी

नऊच्या नऊ प्रश्नांना बाई "हो" म्हणाल्या.

झोप लागत नाही? हो. की जास्तच झोप येते? हो. जेवण जात नाही? हो. की खा-खा सुटते? हो. हालचाल मंदावलीय? हो. की उलट, एका जागी बसवतच नाही? तेही हो. शेवटचा प्रश्न जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटण्याचा. त्यालाही तीच मान, तोच सूर. किती वेळा, विचारलं तर प्रत्येक वेळी "रोज". म्हणजे नैराश्य तपासायच्या कागदावर २७ पैकी २७ गुण.

साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या बाई. आल्या होत्या पायाची जखम दाखवायला. मी दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली, आवाज मऊ केला आणि ऑस्ट्रेलियातल्या आलिस स्प्रिंग्ज शहरातल्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावायला घेतला. तेवढ्यात आमच्या आरोग्य कार्यकर्त्या ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आत आल्या. सगळा दवाखाना त्यांना आंटी म्हणायचा, मीही. आंटींनी बाईंना त्यांच्या भाषेत दोनच वाक्यं विचारली आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"तिला दुकानाकडे जाणारी गाडी पकडायचीय," आंटी म्हणाल्या. "तुझं लवकर आटपावं म्हणून हो म्हणतेय ती."

या "हो"चा भाषाशास्त्रज्ञांनी रीतसर अभ्यास केलेला आहे, हे मला पुढे कळलं. पोलीस, गुरांच्या फार्मचा मालक, मिशनरी, सरकारी साहेब, असं कुणीही प्रश्न विचारायला लागलं की "हो" म्हणावं, म्हणजे प्रश्न थांबतात. हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या अंगात मुरलेलं. माझ्याही हातात कागद आणि पेन होतं. त्या रांगेत माझा नंबर लागला, इतकंच.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या त्या लाल मातीत मी काही ध्येयबिय घेऊन गेले नव्हते. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना तिथे साधारण दहा वर्षं एक अट असते: मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या, पैशांतून प्रॅक्टिस करायची तर जिथे डॉक्टरांची टंचाई आहे तिथे जा. मी गेले. आलिस स्प्रिंग्जपासून पश्चिमेला, डांबरी रस्ता संपून पुढे बरेच तास. वस्ती ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, पिंटुपी-लुरिचा भाषा बोलणाऱ्यांची. दवाखाना म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा, औषधांचा फ्रीज आणि बाहेर कुत्री. गंभीर रुग्णासाठी विमान यायचं. बाकी सगळं, म्हणजे मधुमेह, मूत्रपिंड, खरूज, गरोदरपण आणि मन, याच चार खोल्यांत.

तो नऊ प्रश्नांचा कागद वाईट नाही, हे आधीच सांगते. पीएचक्यू-नाइन म्हणतात त्याला. अमेरिकेत स्पिट्झर, क्रोएंके आणि विल्यम्स यांनी बनवला, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जगभर फॅमिली डॉक्टर तो वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, आणि बेरीज १० किंवा वर गेली की डॉक्टरने सावध व्हायचं. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या माझ्यासारखीला काठी टेकायला बरी. पण प्रश्न "गेल्या दोन आठवड्यांत" असे सुरू होतात. जिथे महिना, आठवडा असा हिशेब फारसा कुणी ठेवत नाही तिथे दोन आठवडे म्हणजे काय? आंटींचं भाषांतर असं: "मागचे पैसे आले त्या दिवसापासून आत्ताचे पैसे येईपर्यंत." सरकारी भत्ता पंधरवड्याने येतो. प्रश्न एका झटक्यात जमिनीवर आला.

मी हे आंटींचं वैयक्तिक कौशल्य समजत होते. मग कळलं की मध्य ऑस्ट्रेलियात हे काम आधीच पद्धतशीर झालंय. ॲलेक्स ब्राउन हे स्वतः ॲबोरिजिनल असलेले डॉक्टर-संशोधक आणि त्यांचे सहकारी इथल्या पुरुषांबरोबर बसले. नैराश्याला तुम्ही काय म्हणता, ते दिसतं कसं, असं विचारत गेले. त्यातून जे निघालं ते नऊ प्रश्नांत मावेना. राग, चिडचिड, सततची काळजी, तेच तेच मनात घोळणं, दारू-गांजा, आपल्या मुलखाची ओढ, आणि आत्मा अशक्त होणं. मग प्रश्नच नव्याने लिहिले गेले. "निराश, उदास, हताश वाटतं का" याच्या जागी, तुझा आत्मा दुःखी आहे का, असं आलं. कमीपणा वाटण्याच्या प्रश्नात, घरच्यांना तोंडघशी पाडलंय असं वाटतं का, हे ठळक झालं. पुढे १० आरोग्य केंद्रांत ५०० जणांवर हा नवा कागद तपासून पाहिला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: चालतो, भरवशाचा आहे.

वाचताना मला हसू आलं ते स्वतःचं. "नैराश्य" हा शब्द मराठीत तरी घरात कोण वापरतं? मन लागत नाही, जीव रमत नाही, अन्न गोड लागत नाही, कशात राम वाटत नाही. इतकी वर्षं मी हे शब्द ऐकत वाढले आणि दवाखान्यात बसल्यावर मात्र "रुची किंवा आनंद कमी झाल्याचं जाणवतं का" असं विचारत राहिले. तेही परक्या भाषेत, परक्या माणसाला.

पण भाषा नीट झाली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. त्या "हो"पेक्षा मला एका "नाही"ने जास्त शिकवलं.

ती पंचविशीची. लहानपणी घशाच्या आणि कातडीच्या जंतुसंसर्गातून संधिवाती ताप आलेला, त्यात हृदयाची एक झडप खराब झालेली. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला, पण त्याच देशातल्या या वस्त्यांत तो आहे, कारण एकेका घरात दहा-बारा माणसं आणि बिघडलेले नळ. त्यावर उपाय म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर अठ्ठावीस दिवसांनी, वर्षानुवर्षं. दाट, फ्रीजमधलं थंडगार औषध, जाड सुई, कुल्ल्यात. दुखतं. आंटी आधी सिरिंज दोन तळहातांत धरून गरम करायच्या, एखादं अंडं धरावं तशी, आणि तेवढ्या वेळात गप्पा मारायच्या.

दुसरं बाळ झाल्यावर मी तिला सुधारलेला कागद वाचून दाखवला. आंटी होत्या, भाषा तिची होती, घाई नव्हती. सगळ्याला "नाही". शून्य गुण. मी समाधानाने नोंद केली.

ती गेल्यावर आंटी म्हणाल्या, "ती पोरांवर करवादत नाही हल्ली."

त्यांचा इंग्रजी शब्द होता "ग्राउल". तिकडच्या इंग्रजीत याचा अर्थ कुत्र्यासारखं गुरगुरणं असा नाही. पोरांना दटावणं, हाका मारणं, वस्तीभर ऐकू जाईल असं रागावणं म्हणजे ग्राउल. मोठा मुलगा भर उन्हात अनवाणी रस्त्यावर गेला आणि ती व्हरांड्यात बसून नुसती बघत राहिली, हे आंटींनी पाहिलेलं. माझ्या कागदावर "पोरांवर ओरडता का" असा प्रश्न नाही. असता तरी मी उलटाच अर्थ लावला असता: ओरडत नाही, म्हणजे छान, शांत आई.

मग ती "नाही" का म्हणाली? हे मी आंटींना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. आलिस स्प्रिंग्जला जुनं तारघर आहे, १८७२ चं, आता पर्यटक बघायला जातात. १९३२ ते १९४२ या काळात तिथे "बंगलो" होता. मिश्र वंशाच्या मुलांना आयांपासून उचलून आणून ठेवायची जागा. या मुलीची पणजी तिथे होती. देशभर हे प्रकार सत्तरच्या दशकापर्यंत चालले. १९९७ मध्ये त्यावर चौकशीचा अहवाल आला आणि १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. पण माफीने वस्तीतला एक शब्द पुसला गेला नाही: "वेल्फेअर". आपल्याला कल्याण खातं म्हटलं की फाइल आणि रांग आठवते. तिथे त्या शब्दाने आया मुलांना आत घेतात. आजही तिथल्या सरकारी यंत्रणांनी घरातून काढलेल्या मुलांत ॲबोरिजिनल मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठं आहे.

अशा घरातल्या बाळंतिणीला सरकारी ओळखपत्र गळ्यात घातलेली डॉक्टर विचारते, "तुला स्वतःला इजा करावीशी वाटते का?" तिला ऐकू येतं, "पोरं नेऊ का?" शून्य गुण हे अगदी समंजस उत्तर होतं.

किंबर्लीत, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, बायकांनी यावर फार शहाणा तोडगा काढलाय. तिथल्या आयांसाठीच्या प्रश्नावलीला दोन भाग आहेत. पहिल्यात चित्रं आहेत आणि सोपे प्रश्न. दुसऱ्यात नुसत्या गप्पा: घरी कोण आहे, मदतीला कोण येतं, लहानपण कसं गेलं, कशाने बरं वाटतं. दोन्ही मिळून काय ते ठरवायचं, एकट्या बेरजेवर नाही. आम्ही त्या धर्तीवर गप्पांचा भाग उचलला. "यार्निंग" म्हणतात तिकडे. समोरासमोर बसायचं नाही, शेजारी शेजारी बसायचं, दोघींची तोंडं बाहेर. डोळ्यांत बघून बोलणं म्हणजे आदर, हे मला मेडिकल कॉलेजात शिकवलेलं. इथे तो उद्धटपणा. आणि मध्ये शांतता पडली तर पडू द्यायची. मला ती शांतता सुरुवातीला खायला उठायची. मी जीभ दाताखाली धरून बसायचे.

पहिल्या अठ्ठावीस दिवसांत तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी इंजेक्शन घेऊन, चोळत चोळत व्हरांड्यात बसली आणि म्हणाली, रात्री झोप लागत नाही. तिसऱ्या वेळी बाकीचं. ते बाकीचं मी इथे लिहिणार नाही.

इंजेक्शन झडपेसाठी होतं. "नैराश्यासाठी भेट" अशी वेळ दिली असती तर ती आलीच नसती. "शेम" वाटला असता. हाही तिकडचा शब्द, आपल्या लाजेहून बराच जड. सगळ्या वस्तीदेखत आपण उघडे पडणं. पेनिसिलिनसाठी येण्यात शेम नव्हता, अर्धी वस्ती त्यासाठी येते. मानसशास्त्रज्ञाकडे पाठवायची सोय कागदावर उत्तम आहे: २००६ पासून मेडिकेअर मानसशास्त्रज्ञाच्या काही भेटींचे पैसे देतं, वर्षाला १० पर्यंत. तिच्या वाट्याला फोनवरच्या दोन आल्या. दुसऱ्या वेळी मध्येच लाइन गेली. तिकडून बोलणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण सिरिंज हातात धरून गरम करणारं माणूस फोनमधून येत नाही.

उपचार काय केले? सांगण्यासारखे थोडे, करायला लांबलचक. रक्त तपासलं, लोह कमी होतं, थायरॉइड ठीक. सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी सुरू केली, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला त्यातल्या त्यात निर्धोक म्हणून. १९९९ पासून दुर्गम ॲबोरिजिनल दवाखान्यांत औषधं फुकट आणि तिथल्या तिथे मिळतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच. दहा माणसांच्या घरात गोळ्यांचं पाकीट ठेवायचं कुठे? आंटींच्या कपाटात ठेवलं. ती रोज सकाळी यायची, कधी यायची नाही, कधी आंटीच गाडी काढून जायच्या. गोळीचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतात हे समजावताना मी घड्याळ-कॅलेंडर करत होते. आंटी म्हणाल्या, "पुढच्या सुईपर्यंत थांब." झालं.

डार्विनच्या मेंझीस या आरोग्य-संशोधन संस्थेने बनवलेली एक पद्धतही आम्ही वापरली. चित्रांचा कागद असतो. आधी तुला बळ देणाऱ्या गोष्टी आणि माणसं लिहायची, मग काळज्या, मग एक-दोन बेत. २००९ मध्ये दुर्गम वस्त्यांतल्या ४९ रुग्णांवर तिची चाचणी प्रसिद्ध झाली होती आणि निकाल आशादायक होते. तिच्या कागदावर बळाच्या बाजूला पहिलं नाव आजीचं आलं. काळजीच्या बाजूला पहिलं काय आलं असेल? संडासाचा फ्लश. चार महिने तुंबलेला. मी घरखात्याला डॉक्टरच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. फ्लश दुरुस्त झाला तो दिवस तिच्या आजारपणातल्या चांगल्या दिवसांत मोजायला हवा, आणि मी हे विनोदाने म्हणत नाही.

आजीने तिला ङांगकारीकडेही नेलं. हे वाळवंटातले पारंपरिक वैद्य. त्यांच्या मते धक्का बसला की माणसाचा "कुरुन्पा", म्हणजे आत्मा, जागचा हलतो, आणि तो हाताने जागेवर बसवता येतो. दक्षिणेकडच्या मुलखात एनपीवाय विमेन्स कौन्सिल ही बायकांची संस्था ङांगकारींना नोकरीवर ठेवते आणि ते दवाखान्यांत, हॉस्पिटलांत जातात. मी आजीला विचारलं, त्यांनी काय सांगितलं? म्हणाली, कुरुन्पा डाव्या खांद्यामागे सरकला होता, आता आला. गोळी बंद करा म्हणाले का? नाही, म्हणाले दोन्ही चालू दे. मी ते नोंदीत जसंच्या तसं लिहिलं. माझा त्यावर विश्वास आहे का, असं माझा एक वर्गमित्र फोनवर खोचकपणे म्हणाला. मला त्या प्रश्नात रस उरला नव्हता. ती त्या रात्री झोपली होती.

याच संस्थेत म्हाताऱ्या बायका, ङांगकारी, दुभाषे आणि मानसिक आरोग्यवाले वर्षानुवर्षं एकत्र बसून भावनांचे शब्द गोळा करतायत. त्यांच्या पिट्यान्चाचारा भाषेत "कुलिनी" असं एक क्रियापद आहे: ऐकणं, विचार करणं, समजणं, सगळं एकच. मराठीत "ऐकणं"ला दुसरा अर्थ चिकटतो तो आज्ञा पाळण्याचा. "पेशंट ऐकत नाही" असं आम्ही डॉक्टर दिवसातून दहादा म्हणतो. डॉक्टर ऐकत नाही असं म्हणण्याची सोय त्या वाक्यात नाही.

आता जरा विषयांतर. तिथे राहायचं तर तुम्ही कुणाचे तरी कोणीतरी असावं लागतं. मला एक कुळनाव मिळालं आणि क्षणात आंटी माझी बहीण झाल्या, दोन आजोबा माझे नातू झाले, आणि एक पन्नाशीचा मधुमेही गृहस्थ माझा जावई. सासू-जावयाने एकमेकांच्या समोर यायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम. त्या दिवसापासून तो माझ्या खोलीत येईना. रक्तातली साखर चढलेली, आणि जावईबुवा व्हरांड्यात पाठ करून उभे, दात काढून हसतायत. मधल्या आंटी त्याचं मला सांगायच्या आणि माझं त्याला. मी आतून ओरडले तर त्याला ऐकू यायचंच, पण तसं करायचं नाही. त्याची साखर मात्र माझ्या कुठल्याही थेट उपदेशाने आली नसती इतकी ताब्यात आली.

आणि मरण. वस्तीत कुणी गेलं की ते नाव उच्चारायचं नाही. त्या नावाच्या जिवंत माणसांनाही मग "कुमान्जाय" म्हणायचं. एकदा एका महिन्यात आमच्या यादीत चार कुमान्जाय झाले आणि कॉम्प्युटरला काही केल्या ते पटेना. "सॉरी बिझनेस", म्हणजे मयतीनंतरचा शोक, सुरू झाला की माणसं घर सोडून दुसरीकडे मुक्काम हलवतात, दवाखाना ओस पडतो. त्या दिवसांत कागद काढायचा नाही, हे मी न सांगता शिकले. सगळ्यांचेच गुण १० च्या वर जातील, आणि जायलाच हवेत. तिथे ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांत आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे वस्तीतल्या प्रत्येकाने कुणाला तरी त्या वाटेने गमावलेलं असतं. दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो, हे बाहेरून आलेल्या माणसाने एका भेटीत ठरवू नये.

घराच्या ओढीचं एक राहिलं. मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिससाठी शहरात राहावं लागायचं, आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून, आपल्या जमिनीपासून शेकडो किलोमीटर लांब. माणसं यंत्र सोडून घरी निघून जायची, मरायला. २००० साली पिंटुपी चित्रकारांनी आपली चित्रं सिडनीत लिलावात काढली आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले. २००४ मध्ये किंटोरला, आलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ५०० किलोमीटरवर, पहिलं यंत्र बसलं. पर्पल हाउस म्हणतात हे डायलिसिस चालवणाऱ्या संस्थेला. आमच्या एका आजोबांना शहरात असताना दोन वेगवेगळ्या नैराश्यविरोधी गोळ्या चालू होत्या. घराजवळच्या यंत्रावर जागा मिळाल्यावर ते परत आले. गोळ्या मी हळूहळू कमी केल्या. माझ्या मते औषध बदललं होतं, बंद झालं नव्हतं.

तिच्याकडे परत येते. सरळ रेषेत काही झालं नाही. पाच आठवड्यांनी तिने गोळ्या सोडल्या. एका मयतीनंतर पुन्हा खाली गेली, पुन्हा सुरू केल्या. इंजेक्शन कधी अठ्ठाविसाव्या दिवशी, कधी पस्तिसाव्या. एकदा अकरा दिवस उशिरा आली, बाळ काखेत, मोठा पुढे. मोठ्याने व्हरांड्यातला पाण्याचा पाइप ओढून कुत्र्यावर सोडला. आणि ती ओरडली. कसली ओरडली! औषधाच्या खोलीत मी दचकले, कुत्री पळाली, पोराने पाइप टाकला. लगेच आंटींवरही घसरली: सुई अजून थंड का आहे म्हणून.

त्या दिवशी नोंद आंटींनी केली. पेनिसिलिनचा डोस, बॅच नंबर, डावा कुल्ला. पुढे मोकळ्या जागेत एकच शब्द: "ग्राउलिंग".

आठवड्याभराने वरच्या ऑफिसातून मला मेल आला. नोंदी तपासताना आढळलं, रुग्ण आक्रमक झाली होती का, कर्मचाऱ्यांना काही धोका होता का, घटनेचा अहवाल का भरला नाही?

मी तो आंटींना वाचून दाखवला. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "लिही त्यांना. हो म्हण."